ओजेटीचे चार श्रेयांक: प्रमाणपत्राआधीचा कागद आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या सहाव्या सत्रात विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाशी संबंधित ठिकाणी प्रत्यक्ष काम करून चार श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे आहेत. शासनाच्या कागदावर याचे नाव 'ऑन जॉब ट्रेनिंग', पोरांच्या तोंडी ओजेटी. राज्यात हे धोरण २०२३-२४ मध्ये पदव्युत्तर वर्गांना व स्वायत्त महाविद्यालयांना लागू झाले आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना २०२४-२५ पासून. त्या वर्षी बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या तुकडीची ओजेटी २०२६-२७ च्या सहाव्या सत्रात येते. पदव्युत्तर वर्गांच्या दुसऱ्या सत्रात ती आधीपासून आहे, आणि तिथे काय होते ते या कामात असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सत्र संपायला पंधरा दिवस उरले की ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून, नेट कॅफेतून किंवा भावकीतल्या एखाद्या संस्थेतून शिक्का मारलेले प्रमाणपत्र येते. विषय कोणताही असो, मजकूर एकच: 'यांनी समाधानकारक काम केले.'

याचा दोष सगळेजण विद्यार्थ्यांवर ढकलतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. कामाला जाण्याआधी कागदावर काहीच ठरलेले नसते, म्हणून कामानंतरचा कागद खोटा निघतो. प्रमाणपत्र हा ओजेटीतला सर्वांत कमी कामाचा कागद आहे. त्याआधीचा, रुजू होण्यापूर्वीचा एक पानी कामाचा आराखडा असेल तर बाकीचे बरेचसे आपोआप सरळ होते. मात्र तो आराखडा कोणत्या महिन्यात करायचा हे त्या त्या धंद्याचा हंगाम ठरवतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकाचे तिथे काही चालत नाही.

आधी तासांचे गणित. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणून चार श्रेयांकांना १२० तास. रोज आठ तास गेले तर १५ दिवस, रोज चार तास गेले तर ३० दिवस, आणि आठवड्यातून एकच पूर्ण दिवस गेले तर १५ आठवडे. जाण्यायेण्याचा आणि जेवणाच्या सुट्टीचा वेळ यात धरू नये. अहवाल लिहिण्याचे तासही वेगळे ठेवले तर पुढे वाद होत नाही. कागदावर तिन्ही पद्धती सारख्याच. प्रत्यक्षात एका ठिकाणी एकच चालते.

बीकॉमचे उदाहरण घ्या, कारण तालुक्याच्या गावात सर्वांत सहज मिळणारी जागा म्हणजे करसल्लागाराचे कार्यालय. तिथला महिना तारखांवर चालतो. ७ तारखेपर्यंत टीडीएसचा (पैसे देताना कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र, १४ ला खरेदीवर भरलेल्या कराच्या जमेचे २बी हे पत्रक जीएसटीच्या पोर्टलवर तयार होते, मग व्यापाऱ्याच्या खरेदीच्या बिलांशी त्याचा ताळमेळ घालायचा आणि २० तारखेपर्यंत ३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र भरायचे. विद्यार्थी २१ तारखेला रुजू झाला आणि रोज आठ तास भरून पंधरा दिवसांत मोकळा झाला, तर त्याने फायली लावल्या, झेरॉक्स काढल्या आणि चहा सांगितला. एवढेच. हाच विद्यार्थी रोज चार तास असे पाच आठवडे बसला तर एक पूर्ण चक्र त्याच्या हातून जाते. पुरवठादाराने बिल दाखवलेच नाही म्हणून जमा का अडकली, याचा फोन त्याला स्वतः करावा लागतो. करप्रणालीच्या पेपरात जे दोन पानांत असते ते त्या एका फोनमध्ये कळते. म्हणून वाणिज्य शाखेला अर्धवेळ पद्धतच हवी. फक्त मार्चअखेर टाळावी, त्या दिवसांत कार्यालयात शिकवायला कोणालाही फुरसत नसते.

रसायनशास्त्राचे याच्या उलट. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळ्या आठ तासांच्या असतात. अर्धी पाळी करून निघालेल्या पोराला कोणी हात लावू देत नाही. तिथे सलग पंधरा दिवसच योग्य. रसाचा नमुना घेणे, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) मोजणे, पोलॅरिमीटरवर पोल (साखरेचे प्रमाण) काढणे, पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर करून शुद्धता काढणे, बगॅसमधील (उसाच्या चोथ्यातील) ओलावा तपासणे हे काम दर पाळीला पुन्हापुन्हा होते, म्हणून हात बसतो. अडचण हंगामाची आहे. गाळप ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होते आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी मराठवाड्यातल्या कारखान्यांचा पट्टा फेब्रुवारीतच पडतो, म्हणजे गाळप थांबते. सहावे सत्र जानेवारीत सुरू झाले, विनंतीपत्रावर प्राचार्यांची सही व्हायला आठ दिवस, कारखान्याकडून उत्तर यायला तीन आठवडे, की संपला हंगाम. मग मुलगा बंद कारखान्यात दुरुस्तीची कामे बघत बसतो आणि अहवालात 'साखरनिर्मितीची प्रक्रिया' पुस्तकातून उतरवतो.

हेच आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणाला लागू आहे. सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरीची जानेवारी-फेब्रुवारीत. त्यामुळे लातूरच्या डाळमिलमध्ये सहाव्या सत्रात खरोखर काम असते, पण सोयाबीनच्या खरेदीकेंद्रावर नसते. १२ टक्के ओलाव्याची अट प्रत्यक्ष यंत्रावर कशी तपासतात आणि माल परत गेल्यावर काय बोलाचाली होते, हे पाहायचे तर दिवाळीच्या आगेमागे जावे लागते. कापसाच्या जिनिंगला नोव्हेंबर ते मार्च. हळदीची आवक वसमत-हिंगोलीला उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होते, म्हणजे सहाव्या सत्राच्या शेवटी, परीक्षेच्या मुहूर्तावर. जालन्याच्या बियाणे उद्योगात खरिपाच्या बियाण्याची तपासणी पेरणीआधीच्या महिन्यांत जोरात असते आणि वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली जागा नाही. उगवणशक्तीच्या चाचणीला ४०० बिया लागतात, शंभराच्या चार आवृत्त्या. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी आणि किमान उगवण ७० टक्के. नीट उगवलेली, विकृत आणि मेलेली रोपे वेगळी मोजायची असतात. नवखा विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतो ते विकृत रोपात. ते चांगल्यात धरले की टक्केवारी फुगते. पंधरा दिवसांत एक चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आणि दुसरी स्वतःच्या जबाबदारीवर, एवढे निश्चित बसते.

हंगामाचे बंधन नसलेल्या जागाही आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत, कृषी विज्ञान केंद्रांच्या माती तपासणी प्रयोगशाळा आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. विरघळलेल्या क्षारांची ५००, तशाच नाइलाजात २०००. बीएस्सीच्या मुलाने ईडीटीए या रसायनाने अनुमापन (टायट्रेशन) करून आपल्याच गावच्या बोअरचा कठीणपणा काढला की आकड्याला अर्थ येतो. मृदा आरोग्यपत्रिकेतील बारा घटकांपैकी सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन तरी त्याने स्वतः काढावेत. बाकीच्यांना लागणारी यंत्रे नवख्याच्या हाती देत नाहीत आणि देऊही नयेत. जालन्यातल्या सळईच्या कारखान्यांत भट्टीजवळ विद्यार्थ्याला उभे करण्याचे कारण नाही. धातूतील घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीत मात्र त्याला बसवता येते. एफई ५०० डी या प्रतीच्या सळईत कार्बन ०.२५ टक्क्यांपेक्षा आणि गंधक व स्फुरद प्रत्येकी ०.०४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. नमुना मर्यादेबाहेर गेला की भट्टीवर काय निरोप जातो, एवढे जरी त्याने पंधरा दिवस टिपले तरी पुरे.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्राणीशास्त्राची मुले पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात. तिथे एक गोष्ट हमखास राहून जाते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. जानेवारीत लॅबला जायचे तर पहिला डोस जुलैत, म्हणजे पाचवे सत्र सुरू होताच. डिसेंबरात आठवण झाली तर उपयोग नाही. विद्यार्थ्याने रुग्णाचे रक्त काढू नये, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे. लॅबवाल्याला माणूस कमी पडला की तो हौसेने सुई हातात देतो.

कला शाखेला 'आमच्यासाठी जागाच नाहीत' असे म्हणायची सवय लागली आहे. हे आम्हाला पटत नाही. राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या मुलांसाठी प्रत्येक गावात ग्रामपंचायत आहे. तिथे १ ते ३३ नमुने ठेवलेले असतात किंवा ठेवलेले असायला हवेत. नमुना ८ ची कर आकारणी, नमुना ९ ची मागणी आणि नमुना ५ ची रोकडवही समोरासमोर ठेवून 'मागणी किती, वसुली किती, थकबाकी कोणत्या वर्षापासून' असा तक्ता करणे हे १२० तासांचे भरगच्च काम आहे. फक्त स्वतःच्या गावची ग्रामपंचायत घेऊ नये. थकबाकीदारांत काका-मामा निघतात. इतिहासाच्या मुलांना तेरचे आणि पैठणचे वस्तुसंग्रहालय आहे, वेरूळ-अजिंठा परिसरातील पर्यटनाचे काम आहे. मराठीच्या मुलांना मुद्रितशोधन, आकाशवाणी, ग्रंथालय. आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयानेही दर सत्राला दोन मुले घ्यायला हरकत नसावी, ही सूचना पत्र छापताना कापू नये ही विनंती.

जे विद्यार्थी आधीच कुठेतरी नोकरी करून शिकतात, त्यांचे काय? मराठवाड्यात अशी मुले थोडी नाहीत. त्यांच्या कामाला श्रेयांक देण्यात काही गैर नाही, अट एकच, काम मुख्य विषयाशी जुळले पाहिजे आणि परवानगी आधी घेतलेली पाहिजे. मागे केलेल्या नोकरीचे तास मागाहून धरता येणार नाहीत. पेट्रोलपंपावर गाडीत तेल भरणाऱ्या बीकॉमच्या मुलाचे काम जुळत नाही. त्याच पंपावर रोजचा साठा, मीटरचे आकडे आणि रोकड यांचा ताळेबंद त्याच्याकडे आला तर जुळते. भुसार आडतीवर मामाच्या दुकानात बसणाऱ्याला हिशोबपट्टी, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल आणि बाजार समितीची फी हे सगळे मांडता येते. पण मूल्यमापनाच्या तक्त्यावर मामाची सही चालू नये. तिथे मुनीम किंवा बाजार समितीचा निरीक्षक असावा. हा मुद्दा बारीक वाटतो, पण निम्मी खोटी प्रमाणपत्रे याच वाटेने येतात.

आता त्या एक पानी आराखड्याबद्दल. त्यावर कामाच्या ठिकाणच्या देखरेख करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा हवा, मालकाचा नव्हे, जो रोज सोबत असेल त्याचा. तारखा आणि वेळ हवी. मग तीन ते पाच कामे, आणि प्रत्येक काम मोजता येईल अशा शब्दांत. 'जीएसटीची माहिती घेणे' हे काम नव्हे. 'रोज किमान २५ बिलांची टॅलीत नोंद, १४ तारखेनंतर २बीशी ताळमेळ, फरक पडलेल्या बिलांची यादी' हे काम आहे. प्रत्येक कामासमोर ते अभ्यासक्रमातल्या कोणत्या पेपरशी जोडलेले आहे ते लिहावे. ही जोडणी जमत नसेल तर ती जागा त्या विद्यार्थ्याची नाही असे समजून दुसरी शोधावी. शेवटी, विद्यार्थी काय करणार नाही तेही लिहावे: यंत्राला एकट्याने हात लावणार नाही, रोकड हाताळणार नाही, रात्री थांबणार नाही. या पानावर विद्यार्थी, महाविद्यालयातला मार्गदर्शक आणि कामाच्या ठिकाणचा माणूस अशा तिघांच्या सह्या रुजू होण्यापूर्वी व्हाव्यात. सामंजस्य करार याची जागा घेत नाही. करार प्राचार्यांच्या दालनात चौकटीत लावलेला असतो आणि गोदामातल्या पर्यवेक्षकाला तो ठाऊकही नसतो.

दैनंदिनीचेही असेच. 'आज ऑफिसमध्ये काम केले' ही नोंद नव्हे. किती वाजता आलो, काय केले, किती नग, कुठे अडले, कोणी सोडवले, एवढ्या पाच-सहा ओळी त्याच दिवशी लिहाव्यात आणि आठवड्याला सही घ्यावी. रचलेली दैनंदिनी ओळखायला फार हुशारी लागत नाही. सगळी पाने एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेली, रविवारी सही आणि २६ जानेवारीलाही आठ तास काम केल्याची नोंद. खऱ्या दैनंदिनीत खाडे असतात, यंत्र बंद पडलेले असते, एखाद्या दिवशी नुसते बसून राहिल्याचे लिहिलेले असते. ते दिवस तासांत धरू नयेत, पण लिहिल्याबद्दल गुणही कापू नयेत. गुण कापले की पुढच्या वर्षी सगळ्यांची यंत्रे रोज व्यवस्थित चालतात.

मार्गदर्शक प्राध्यापकाने प्रत्येक ठिकाणी जाऊन भेट द्यावी अशी अपेक्षा असते. बीएच्या मोठ्या वर्गात ते शक्य होत नाही, हे मान्य करून मोकळे व्हावे. त्याऐवजी चौथ्या दिवशी एक फोन देखरेख करणाऱ्याला आणि एक विद्यार्थ्याला, वेगवेगळा. चौथा दिवस अशासाठी की तोवर खरे काम मिळते आहे की नुसती झेरॉक्स, हे कळलेले असते आणि जागा बदलायला वेळ उरलेला असतो. दहाव्या दिवशी कळून फायदा नाही. भेट द्यायचीच तर तालुक्यानुसार गट पाडून एका दिवशी पाच-सहा ठिकाणे करावीत.

कामाच्या ठिकाणचा माणूस मूल्यमापनाचा तक्ता भरत नाही ही सर्वत्र तक्रार आहे. त्याचे कारण आपण त्याला चार पानी इंग्रजी तक्ता पाठवतो. मराठीत एक पान, आठ-दहा ओळी, प्रत्येक ओळीत खूण करायची सोय आणि खाली दोन ओळी लिहायला जागा, एवढे केले तर तो उभ्याउभ्या भरून देतो. अहवालही मराठीत घ्यावा. इंग्रजीत मागितला की पोरं नेटवरून उतरवतात, हे आपल्याला ठाऊक असून आपण मागतो. अहवालाच्या मागे ग्राहकांची पॅन कार्डे, रुग्णांची नावे असलेले रिपोर्ट, कारखान्यात चोरून काढलेले फोटो पुरावा म्हणून जोडलेले दिसतात. हे गंभीर आहे. नावे खोडून नमुना म्हणून एखादे पान जोडावे, फोटोला लेखी परवानगी असावी. एका विद्यार्थ्याने काढलेल्या फोटोमुळे त्या कारखान्याचे दार पुढच्या सगळ्या तुकड्यांना बंद होते. तोंडी परीक्षेत तर अहवाल मिटूनच ठेवावा आणि दैनंदिनीतले कोणतेही एक पान उघडून 'या दिवशी काय अडले?' एवढे विचारावे.

ऑनलाइन इंटर्नशिपबद्दल आमचे मत कडक आहे. दोन दिवस व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला श्रेयांक देऊ नयेत, त्यावर क्यूआर कोड असला तरी. बीसीएच्या विद्यार्थ्याने दूरस्थ पद्धतीने काम केले तर लिहिलेला कोड तारीखवार दिसतो, तो तपासता येतो. बाकीच्या विषयांत हे जमत नाही. आणि ओजेटीसाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊच नये.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. पंधरा दिवसांसाठी मोठा कारखाना शक्यतो घेत नाही. गेटपास, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि ओळख यातच तीन दिवस जातात आणि त्याच्या हाती काही पडत नाही. जायचेच तर पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करून, दीड-दोन महिने आधी पत्र द्यावे. सोबत ओळखपत्र, आधारची प्रत आणि अपघात विम्याचा कागद लागतो. महाविद्यालयाचा गटविमा नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण, वय १८ ते ७०. बँक खात्यातून हप्ता कापल्याची नोंद छापून घ्यावी. मुलींना पाठवताना कार्यालयात दहा किंवा अधिक माणसे असतील तर तिथे लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि प्रशिक्षणार्थी मुलगीही त्या कायद्याच्या संरक्षणात येते. समितीच्या अध्यक्षांचे नाव संमतीपत्रातच मागून घ्यावे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

प्रवासाचे कोणी बोलत नाही. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते महाविद्यालय या मार्गाचा असतो. ओजेटीची जागा दुसऱ्या दिशेला निघाली तर तो चालत नाही. मुलींना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, मुलांना पूर्ण भाडे. पंधरा-तीस दिवसांचे पूर्ण भाडे अनेक घरांना झेपत नाही आणि इथूनच खोट्या प्रमाणपत्राचा विचार सुरू होतो. जागा नेमून देताना आधी पासचा मार्ग विचारावा.

दोन योजनांबद्दल गोंधळ आहे तोही सांगायला हवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन) आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना (२०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा महिना ५,०००, वय २१ ते २४) या मुळात शिक्षण चालू असलेल्या नियमित विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या नाहीत. 'ओजेटी करून पैसेही मिळतील' म्हणून कोणी अर्ज करू नये.

श्रेयांक मिळाले तरी ते खात्यावर दिसेपर्यंत काम संपत नाही. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात) विद्यार्थ्याला स्वतः काहीही जमा करता येत नाही, ते विद्यापीठाकडूनच जाते. बहुतेकदा घोळ नावात असतो. आधारवर आडनाव शेवटी, परीक्षा अर्जावर आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. लग्न झालेल्या मुलीच्या आधारवर सासरचे नाव चढलेले. काहींची दोन मोबाइल क्रमांकांवरून दोन खाती उघडलेली. ही दुरुस्ती पाचव्या सत्रात करून घ्यावी, निकालाच्या वेळी केंद्रावर रांग असते. ओजेटीचे गुण महाविद्यालयाने वेळेत भरले नाहीत तर बाकी सगळ्या विषयांत पास झालेल्या मुलाचाही निकाल अडकतो.

आणि मध्येच शिक्षण थांबवणाऱ्यांचे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते, पण त्यासाठी चार जादा श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. आपल्याकडे दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन जाणाऱ्या मुलींची संख्या पाहता हे त्यांना मार्चमध्येच सांगायला हवे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाजवळच त्या १२० तास भरू शकतात. नाही सांगितले तर दोन वर्षे शिकून हाती फक्त गुणपत्रिका राहते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाला या बाबतीत जुनी सवय आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी कृषिदूत आणि कृषिकन्या सातव्या सत्रात गावात राहायला जातात, तेव्हा शिवारात खरीप उभा असतो. पीक पाहूनच सत्र ठरवलेले आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांकडे आमची मागणी तेवढीच आहे. पाचव्या सत्राची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भरलेले तास सहाव्या सत्राच्या ओजेटीत धरावेत, आणि आराखड्यावर सह्या घेण्याची मुदत ऑक्टोबरअखेर ठेवावी. असे परिपत्रक जुलैपर्यंत निघाले तर त्याच हंगामात मुले साखर कारखान्यात, जिनिंगवर आणि डाळमिलमध्ये वेळेवर पोचतील. जानेवारीत निघाले तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागेल.

आपले,
पदवी व पदव्युत्तर वर्गांच्या ओजेटीचे काम पाहणारे काही प्राध्यापक
(परभणी, जालना व लातूर जिल्हे)